इंग्रजीचं प्रशिक्षण घ्यायचंय, पण मन तयार होत नाही?



सन २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. पण आपल्यातले कितीतरी शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेत. म्हणून प्रशिक्षणाचं पत्र आलं की मनात येतं, "माझंच इंग्रजी कच्चं, चारचौघांत हसं झालं तर?" लोक याला आळस म्हणतात. खरं तर ही भीती असते.

मग प्रेरणा कुठे शोधायची? आपल्याच तालुक्यात.

पेण : हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतल्या गणेशमूर्ती परदेशी जातात. ऑर्डर, पत्ता, खोक्यावरच्या सूचना, सगळं इंग्रजीत.

रोहा : कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगसाठी बाहेरचे पर्यटक येतात. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. एक उदाहरण बघा. 'करेक्ट'च्या उलट 'इनकरेक्ट', असं आपण वर्गात शिकवतो. पण 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं आणि 'इनफ्लेमेबल' म्हणजेसुद्धा पेट घेणारंच! हे माहीत नसलेला मुलगा उद्या ड्रमवर 'इनफ्लेमेबल' वाचून काय समजेल? असा एक शब्द नीट शिकवता यावा, एवढं कारणही प्रशिक्षणाला पुरेसं आहे.

आणि वाडीवरच्या कातकरी मुलांचं काय? त्यांच्यासाठी शाळेतली मराठीसुद्धा थोडी परकीच. इंग्रजी तर त्याहून पुढची. घरी विचारायला कोणी नाही, क्लास लावणं परवडत नाही. त्यांचं इंग्रजी म्हणजे फक्त आपण.

वय झालं असं वाटतंय? पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. कुराण मुळातून वाचायचं म्हणून ते मोठेपणी अरबी शिकले. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चार भाषा शिकले. हेतू पक्का असला की वय आड येत नाही.

सुरुवात कशी करावी?

१. एकच हेतू वहीत लिहा. "माझं इंग्रजी सुधारेन" हे फार मोठं झालं. "दिवाळीपर्यंत वर्गातल्या रोजच्या सूचना इंग्रजीत देईन" हे जमतं.

२. केंद्रातला एक जोडीदार शोधा. रोज दहा मिनिटं फोनवर इंग्रजीत बोला. चुका होऊ द्या.

३. प्रशिक्षणातली एक कृती दुसऱ्याच दिवशी वर्गात करा. मुलं बोलायला लागली की पुढच्या सत्राला जायला कोणी सांगावं लागत नाही.

राज्यात २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या 'तेजस' उपक्रमातही हाच विचार होता. शिक्षकांनी छोट्या गटात भेटायचं, एकमेकांकडून शिकायचं. ओळखीच्या चार जणांत भीती कमी होते.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. बाई किंवा सर इंग्रजी बोलताना अडखळले तर मुलांसमोर हसू नका. ते शिकतायत, हे मुलांना दिसू द्या. शिकणारा शिक्षक पाहूनच मूल शिकायला धजावतं.

चला तर मग, पुढच्या प्रशिक्षणाला नाव द्या!