गिलाव्याआडचा गंज

गणपती उठले की नवापुरात गवंड्यांचे फोन वाजायला लागतात. पाऊस ओसरत आलेला असतो आणि घरोघरी छताचे पोपडे खाली यायला लागलेले असतात. कुठे मोरीवरच्या स्लॅबची तपकिरी सळई उघडी पडते, कुठे गॅलरीचा कोपरा तुटून अंगणात येतो. रंगावलीकाठचं हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या जास्त पावसाच्या बाजूला आहे. चार महिने भिजायचं आणि आठ महिने तापायचं, हे इथल्या घरांचं वेळापत्रक. जुन्या वस्तीत पुढे कौलं आणि डांगी सागाचे वासे, तर मागे किंवा वर सत्तर ते नव्वदच्या दशकात टाकलेला स्लॅब, असा जोडकारभार बराच दिसतो. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये असल्यामुळे फुकटचे सल्लेही दोन्ही राज्यांतून येतात. त्यातले काही ऐकले, तर आज हजारांत होणारं काम पाच वर्षांनी लाखांवर जातं.

"समुद्र नाही, मग गंज कशाला चढेल?"

हा समज सगळ्यात पक्का आणि सगळ्यात महाग पडणारा. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेने सळया खाल्ल्या जातात हे खरं, पण गंजाला मीठ लागतंच असं नाही. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा सामू बारा-साडेबाराच्या वर. त्या वातावरणात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकतो तोवर लोखंड सुखरूप राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊच्या खाली उतरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं की संरक्षण संपलं. पुढे पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू.

कार्बोनेशन कोरड्या-दमट हवेत जोमाने आत सरकतं, पाण्याने पूर्ण भिजलेल्या काँक्रीटमध्ये जवळपास थांबतं. गंजाला मात्र ओल लागते. म्हणजे उरलेल्या वर्षात वाट मोकळी करून द्यायची आणि पावसाळ्यात काम साधायचं, यासाठी नवापूरचं हवामान अगदी सोयीचं आहे. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. काँक्रीट दाब कितीही सोसेल, ताण त्याला सोसत नाही. मग आतून फुगलेली सळई खालचा पापुद्रा ढकलून देते. छतावरची चीर सळईच्या रेषेतच सरळ जाते ती त्यामुळे.

खरा दोष बहुतेक वेळा स्लॅब टाकला त्याच दिवशीचा असतो. सेंटरिंगच्या फळ्यांवर सळया अंथरल्या, खाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले, माणसं वरून चालली, तुकडे निसटले आणि सळई फळीला टेकली. आयएस ४५६ हे आजचं मानक घराच्या आतल्या सुरक्षित स्लॅबलाही सळईखाली किमान २० मिमी काँक्रीट मागतं. थेट पाऊस खाणाऱ्या भागाला त्याहून बरंच जास्त. कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २० मिमीऐवजी १० मिमी कव्हर मिळालं, तर संरक्षणाचा काळ निम्मा न राहता पाव होतो. शेजारच्या घराचा स्लॅब चाळीस वर्षं टिकला आणि आपला पंधरा वर्षांत सुटला, याचं कारण पुष्कळदा या एका सेंटिमीटरमध्ये असतं.

कार्बोनेशन कुठवर पोचलंय हे पाहायला मोठी यंत्रं लागत नाहीत. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं तसंच राखाडी राहतं. गुलाबी रंगाची कड सळईच्या आत गेलेली दिसली, म्हणजे त्या सळईचं कवच गेलेलं आहे.

"थंडीने स्लॅब तडकतो"

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात डाब, तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात आणि घराच्या चिरांचं खापर थंडीवर फुटतं. गोठण्याने काँक्रीट खराब होतं हे खोटं नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. टोरांटो किंवा शिकागोला राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा. घरापुढच्या काँक्रीटच्या वाटेचा वरचा थर हिवाळ्यागणिक कसा सोलून निघतो आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ त्यात कशी भर घालतं, हे ते सांगतील. पण त्यासाठी काँक्रीट पाण्याने पुरतं भरलेलं असावं लागतं आणि गोठणं-वितळणं पुन्हा पुन्हा व्हावं लागतं. गवताच्या पात्यावरचं दव एखाद्या पहाटे गोठलं म्हणून चार इंची स्लॅब आतपर्यंत गोठत नाही.

तरीही मोबाइलवर परदेशातले दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून काहीजण तिथली औषधं इथे मागवतात. काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म बुडबुडे सोडणारं रसायन हा त्यातलाच प्रकार. बर्फाच्या देशात ते बुडबुडे गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा देतात. इथे त्यांचा काही उपयोग नाही. तोटा मात्र आहे, कारण हवा एक टक्का वाढली की मजबुती ढोबळमानाने पाच टक्के घटते.

नवापुरात चिरा पाडायचं काम उन्हाकडे आहे. दहा मीटर लांबीचा स्लॅब तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सुमारे ३ मिमी लांबतो-आखडतो. खालची भिंत सावलीत असते, ती तेवढी हलत नाही. मग वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात आडवी चीर पडते. ती पाहून "स्लॅब भिंतीवरून सुटला" म्हणून घाबरणारे बरेच आहेत. बहुधा ती उष्णतेची चीर असते. सिमेंटने भरली तर पुढच्या मे महिन्यात परत हजर. तिथे लवचीक सीलंट हवं आणि गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप.

दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी चीर असेल तर प्रकरण वेगळं. ते पायाखालच्या काळ्या मातीचं आहे. २०१८ च्या ऑगस्टमधल्या रंगावलीच्या पुराचं पाणी ज्या घरांच्या पायाशी साचलं होतं, त्यांनी अशा चिरांवर पेन्सिलने तारीख घालून त्या वाढतात का हे पाहावं. अशा घरात स्लॅबवर खर्च करण्याआधी पाया तपासून घेतलेला बरा.

"गळतंय? वर अजून एक कोबा टाका"

काँक्रीट जलरोधक असतं हाच मुळात भ्रम. ते सच्छिद्र आहे, आणि माल पातळ कालवला असेल तर अधिकच. पण गळतीवर थरावर थर चढवणं हा उपाय स्लॅबच्या मुळावर येतो. विटांच्या तुकड्यांचा दहा सेंटिमीटर कोबा घातला तर चौरस मीटरला १८० ते २०० किलो वजन वाढतं. माणसांच्या वावरातल्या गच्चीसाठी मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर पावणेदोन टन ओझं कायमचं ठेवून वर माणसांनी चालायचं. त्यात जुना कोबा तसाच ठेवला तर त्यात मुरलेलं पाणी दोन थरांमध्ये अडकतं आणि पाऊस संपल्यावरही महिनाभर छतातून झिरपत राहतं. आधी जुना भिजका कोबा काढायचा, उतार नीट करायचा, पाण्याच्या पाइपाचं तोंड आणि कठड्याचा सांधा बंद करायचा, मगच नवा थर. बऱ्याच गच्च्या मधोमध गळत नाहीत, या दोन जागी गळतात. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरल्यावर टनभर होते, तेव्हा ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंती जिथे मिळतात तिथे बसवलेली बरी.

"पोपडे काढून जाड गिलावा मारला की झालं"

दुरुस्तीच्या नावाखाली सर्वाधिक होतं ते हेच. सुटलेला भाग पाडायचा, सळईवर ब्रश फिरवायचा, सिमेंटचा घोळ मारायचा, गिलावा, रंग. दिवाळी छान जाते. दोन-तीन पावसाळ्यांनी तोच तुकडा, आता जास्त वजनाचा, पुन्हा खाली येतो. गंजलेली सळई आत तशीच राहिलेली असते, आणि वरची गळतीही.

नीट काम करायचं तर सुरुवात टेकूपासून. खोली मोकळी करून लोखंडी जॅक किंवा बल्ल्या लावल्याशिवाय छतावर छिन्नी चालवायची नाही. मग हातोडीने संपूर्ण छत ठोकून पाहायचं. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. पोकळ भाग खडूने आखला की घरमालकाला बहुधा धक्का बसतो, कारण डोळ्यांना एक पोपडा दिसत असतो आणि खडूची रेघ अर्ध्या खोलीभर फिरते. तो सगळा भाग काढायचा आणि सळईच्या मागेही बोटभर जागा करायची. नुसता खालचा अर्धा गोल साफ करून उपयोग नाही, मागचा गंज पुन्हा ढकलतो. सळई लखलखीत होईपर्यंत तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरला लावलेल्या ब्रशने घासायची.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, गंज लवकर निघावा म्हणून बाथरूम धुवायचं ॲसिड वापरणं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यातलं क्लोराइड मागे राहतं आणि समुद्राकाठचा रोग आपण स्वतःच्या हाताने घरात आणतो. दुसरी, सळईला ऑइल पेंट फासणं. त्याने काँक्रीटची पकडच सुटते. सळईसाठी बनवलेला गंजरोधक लेप मिळतो, तोच लावायचा.

मग सळईची जाडी मोजायची. दहा मिमीची सळई घासून आठ मिमी उरली, तर "दोनच मिमी गेलं" असं वाटतं. ताकद मात्र छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते ३६ टक्के घटलेलं असतं. छेदाचा पाव भाग गेला की शेजारी नवी सळई जोडायची वेळ आली असं अभियंते साधारणपणे धरतात. ती नुसती तारेने बांधून भागत नाही, चांगल्या सळईवर पुरेशी लांब चढवावी लागते. जुन्या-नव्या मालाची सांधणी करायला पॉलिमरचा घोळ लावतात, पण तो ओलसर-चिकट असतानाच मॉर्टर चढलं पाहिजे. घोळ लावून गवंडी जेवायला गेले, तर वाळलेला घोळ चिकटवण्याऐवजी दोन थर वेगळे ठेवायचं काम करतो. मॉर्टरही एकदम न थापता थराथराने, कंपनीने पाकिटावर सांगितलेल्या जाडीत. पाणी मारणं त्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. साधा सिमेंटचा माल असेल तर गोणपाट सतत ओलं ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ बादलीभर शिंपडणं म्हणजे पाणी देणं नव्हे.

"सिमेंट वाढवलं की मजबुती वाढते" हाही याच घरातला समज. सिमेंटचा भडिमार केलेला गिलावा जास्त आकसतो आणि जाळीदार तडकतो. मजबुती बिघडते ती पाण्याने. एम २० दर्जाच्या साध्या मिश्रणात ५० किलोच्या गोणीला आयएस ४५६ जास्तीत जास्त ३० लिटर पाणी देतं, आणि त्यात रेतीतली ओलही धरायची असते. माल सहज पसरावा म्हणून पाइप उघडा टाकणाऱ्याला हा आकडा सांगून पाहा.

"जुनं आहे, पाडूनच टाका"

वय हा निकष नाही. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, ती दहा वर्षांचीही नव्हती. याउलट सत्तरच्या दशकातले कितीतरी स्लॅब आजही खणखणीत वाजतात. गंज एखाद-दुसऱ्या ठिकाणी असेल तर दुरुस्ती पुरते. बहुतेक छत पोकळ वाजत असेल, मुख्य सळया जागोजागी बारीक झाल्या असतील किंवा स्लॅब मध्ये डोळ्यांना दिसेल इतका झुकला असेल, तर डागडुजीचा पैसा वाया जातो. तिथे स्लॅब उतरवणंच स्वस्त. हा निर्णय स्ट्रक्चरल अभियंत्याने घ्यावा. कंत्राटदाराने नाही, कारण त्याला दोन्हींतलं एक काम विकायचं असतं. नगरपरिषदेकडे परवानगीचं आधीच विचारून ठेवावं. आणि स्लॅब उतरवताना भिंतींकडे लक्ष हवं. जुन्या घरात पिलर नसतात, विटांची भिंतच सगळं पेलते, आणि वरून दाबणारं छत गेलं की मातीत बांधलेली उंच भिंत कलू शकते.

आता वेळ. पाऊस तोंडावर आला म्हणून काम मे महिन्यात उरकायची रीत आहे. चाळिशी पार केलेल्या उन्हात माल हात फिरेपर्यंत ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी केसासारख्या चिरा दिसतात. गळतीच्या जागा पावसाळ्यात खुणा करून ठेवाव्यात, काम दिवाळीनंतर काढावं. काँक्रीटला अडचण होते ती पारा पाच अंशांच्या खाली गेला तर, आणि नवापूरची थंडी सहसा तितकी उतरत नाही. तिच्यात माल सावकाश आणि कमी तडकत घट्ट होतो.

फक्त टेकू काढायची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात हा नियम गवंड्यांना तोंडपाठ असतो. त्याच्या अटी मात्र कुणी सांगत नाही: तापमान पंधरा अंशांच्या खाली जायला नको, सिमेंट साधं पोर्टलँड हवं आणि पाणी नीट दिलेलं हवं. जानेवारीतल्या रात्री पंधराच्या खाली जातात, आणि दुकानात बहुतेक गोण्या राख मिसळलेल्या पीपीसीच्या असतात, ज्यांना मानकानुसार पाणीसुद्धा सातऐवजी किमान दहा दिवस द्यावं लागतं. तेव्हा जॅक भाड्याने आणताना ते किती दिवसांसाठी ठेवायचे हे अभियंत्याकडून लिहून घ्या आणि तेवढ्या दिवसांचं भाडं खर्चात आधीच धरा.