मागापासून मोटारीपर्यंत

कापसाचा भाव पडला म्हणजे घरात काय होते, हे सोनाळ्याच्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. आज एका लहान मोटारीची हकीगत सांगायची आहे. तिची सुरुवातही कापसापाशीच होते.

जपानात हामामात्सू नावाचे शहर आहे. तेथे मिचिओ सुझुकी या सुतारकाम शिकलेल्या तरुणाने १९०९ साली कापड विणण्याचे माग बनविण्याचा कारखाना काढला. धंदा चांगला वाढला. पण १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला. मग माग घेणार कोण? मात्र कारखान्यात लोखंड घडविणारे कसबी हात होते. त्यांनी १९५२ साली सायकलला जोडायचे छोटे इंजिन केले आणि १९५५ साली ‘सुझुलाइट’ ही मोटार रस्त्यावर आणली.

ती एवढीशी का? तर तेथील सरकारने लहान गाड्यांचा निराळा वर्ग ठरविला होता. लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० घन सेंटिमीटर, यापुढे जायचे नाही. एवढ्या जागेत माणसे बसवायची कशी?

त्या काळच्या बहुतेक मोटारींत इंजिन पुढे उभे असे आणि लांब दांड्याने मागची चाके फिरत. दांड्यापायी गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा येई. सुझुलाइटमध्ये इंजिन आडवे ठेवले आणि त्याची ताकद पुढच्याच चाकांना दिली. लांब दांडा गेला, पायांना जागा झाली.

आपली बैलगाडी आठवा. बैल पुढून ओढतात. हातगाडी आपण मागून ढकलतो. शिक्षकबंधूंनी वर्गात खेळातली गाडी आधी दोऱ्याने ओढून, मग बोटाने ढकलून दाखवावी. ओढलेली सरळ येते, ढकललेली तिरपी जाऊ पाहते.

यात अडचणीही आहेत बरे का! पुढच्या चाकांना फिरायचेही असते आणि वळायचेही. म्हणून तेथे आपल्या खांद्यासारखा सर्व बाजूंनी हलणारा सांधा लागतो. शिवाय मागे ओझे भरून चढ चढताना पुढची चाके हलकी होतात आणि जागीच गरगरतात.

हीच मांडणी पुढे आपल्याकडे आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे, आडवेच. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याने का कपाशी सोडून मोटारी करायच्या? तसे नव्हे. शेत एका हंगामात कारखाना होत नाही. पण माग करणाऱ्यांना मोटार साधली, कारण बाजार गेला तरी हातचे कसब गेले नव्हते. म्हणून पोराला शाळेबरोबर सुतारकी, लोहारकी, इंजिनाची दुरुस्ती, यांतले एक तरी काम शिकू द्या. भाव पडेल त्या वर्षी तेच घराला टेकू देईल.