चाळीच्या बोळात स्कॅनर : जागा निवडण्याचे गणित

लेझर स्कॅनर फीत किंवा साखळी न लावता इमारतीचे मोजमाप घेतो. ट्रायपॉडवर बसवलेले हे यंत्र स्वतःभोवती सावकाश फिरत असताना त्यातला आरसा लेझरचा किरण वर-खाली फेकत राहतो, आणि किरण समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून त्या ठिकाणाचे अंतर काढले जाते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटिमीटर जातो. जाणे आणि येणे दोन्ही धरले तर भिंतीचे अंतर 15 सेंटिमीटर भरते. अशा मोजण्या सेकंदाला लाखोंनी होतात आणि त्यांतून ठिपक्यांचे जे त्रिमित चित्र उभे राहते त्याला बिंदुमेघ म्हणतात. यंत्राच्या वेगाचे कौतुक पुष्कळ होते, परंतु त्याची मूळ मर्यादा माणसाच्या डोळ्याचीच आहे : जे समोर दिसते तेवढेच ते मोजते. खांबामागे, कपाटामागे, जिन्याच्या पोटाखाली लेझरची सावली पडते आणि बिंदुमेघात तेवढे भोक राहते. त्यामुळे काम चांगले होणार की फसणार हे बऱ्याच अंशी यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच, ते कोठे कोठे उभे करायचे या निर्णयातच ठरलेले असते.

या प्रश्नाचे शुद्ध गणिती रूप 1973 मध्ये व्हिक्टर क्ली या गणितज्ञाने मांडले : वेड्यावाकड्या आकाराच्या कलादालनाचा प्रत्येक कोपरा नजरेखाली राहण्यासाठी किमान किती पहारेकरी लागतील? दालनाला जितके कोपरे असतील त्यांच्या एक तृतीयांश पहारेकरी नेहमी पुरतात, असे वात्स्लाव ख्वाताल यांनी 1975 मध्ये सिद्ध केले. म्हणजे 12 कोपऱ्यांच्या दालनाला चार पुरे. मात्र या सिद्धांतातला पहारेकरी कितीही दूरचे आणि कितीही तिरपे पाहू शकतो. स्कॅनरला ते जमत नाही, आणि मुंबईच्या चाळींमध्ये नेमकी अडचण तेथेच येते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी मिळून 207 होत्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत 160 चौरस फुटांच्या 80 खोल्या, आणि मजल्याच्या मधोमध लांबच लांब बोळ अशी त्यांची रचना. हा बोळ दोन मीटर रुंद आहे असे धरून त्याच्या मध्यावर स्कॅनर लावला, आणि यंत्राची घनता 10 मीटरवरच्या समोरासमोरच्या भिंतीवर दर 6 मिलिमीटरला एक ठिपका अशी ठेवली, तर प्रत्यक्षात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. बोळाच्या टोकाची भिंत समोर असते, पण बाजूच्या भिंतींवर किरण जवळजवळ सरपटत जातात, त्यामुळे 10 मीटर पुढे त्याच भिंतीवरचे ठिपके लांबीच्या दिशेने 6 मिलिमीटरऐवजी 6 सेंटिमीटर अंतराने पडतात. दाराच्या चौकटीचा कंगोरा, भिंतीतले तडे, गिलाव्याचा फुगवटा हे सारे दोन ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत हरवते. दोन स्टेशनांमधले, म्हणजे यंत्र उभे करण्याच्या दोन जागांमधले, अंतर 10 मीटर ठेवले तर सर्वांत वाईट जागा 5 मीटरवर येते आणि तेथे ठिपके दीड सेंटिमीटरवर पडतात. अंतर निम्मे केल्याने घनता दुप्पट नव्हे, चौपट होते. बोळासारख्या जागेत यंत्र जास्त वेळा उभे करण्याला पर्याय नाही, आणि महागडे यंत्र आणले तरी ही भूमिती बदलत नाही.

निरनिराळ्या स्टेशनांवरून घेतलेले बिंदुमेघ नंतर एकमेकांत बसवावे लागतात. या जुळणीसाठी लगतच्या दोन स्कॅनमध्ये साधारण 30 टक्के भाग सामाईक असावा असा संकेत आहे. चाळीत ही जुळणी विशेष फसवी ठरते, कारण सॉफ्टवेअर आकार ओळखून मेघ जुळवते आणि बोळातली सगळी दारे सारखीच असतात. सातव्या खोलीचे दार आठव्यावर चपखल बसले तरी संगणकाला त्यात काही गैर वाटत नाही, आणि इमारत मात्र एका खोलीने आखूड होते. त्यावर उपाय म्हणून पांढरे गोळे किंवा काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद, ज्यांना टार्गेट म्हणतात, खुणेसाठी लावले जातात; दोन स्टेशनांवरून अशी किमान तीन टार्गेटे दिसावी लागतात. बोळात ती एका ओळीत ठेवण्याचा मोह होतोच, पण तिन्ही एका रेषेत आली तर त्या रेषेभोवती मेघ कसाही गरगर फिरू शकतो, म्हणून एक जमिनीवर, एक चौकटीवर, एक जिन्याच्या पायरीवर अशी ती विखरून ठेवावी लागतात. याशिवाय साखळीने मोजणाऱ्या जुन्या मोजणीदारांप्रमाणे फेरी घालून पहिल्या स्टेशनाशी परत येऊन मिळणे श्रेयस्कर असते, कारण प्रत्येक जोडातली बारीकशी चूक पुढे साठत जाते आणि फेरी मिटवल्यावरच ती उघडी पडते.

खोलीत शिरल्यावर प्रश्न वेगळे होतात. बोळाचा आणि खोलीचा मेघ जोडायचा तर एक स्टेशन उंबरठ्यावरच हवे, जेथून दोन्हीकडचे दिसते. आत मांडणीवरची स्टीलची भांडी किरण भलतीकडे परावर्तित करतात, आणि गोदरेज कपाटाच्या आरशामागे तर शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे एक नसलेली खोली मेघात उभी राहते. आरशावर चादर टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज. माळ्याचा वरचा भाग खालून दिसत नाही, तेथे यंत्र वर चढवावे लागते. एका बीडीडी चाळीसाठी शंभरावर स्टेशने सहज होतात ती अशी.

गिरगावच्या वाड्यांमध्ये सागवानी कठड्यांच्या गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि मागची अरुंद हाऊस गल्ली यांमुळे इमारतीची पाठ बहुधा अर्धीच टिपली जाते. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या उरल्यासुरल्या चिमण्यांचे उलट आहे : चिमणीच्या उंचीइतके मागे सरकले तर टोकाच्या विटांवर किरण 45 अंशांनी पडतो, पण निम्म्याच अंतरावर जागा मिळाली तर तो 63 अंशांनी तिरपा होतो, आणि चिमणीचे तोंड जमिनीवरून दिसतच नाही, ते ड्रोनवर सोपवावे लागते. पावसाळ्यात थेंबांचे खोटे ठिपके आणि ओल्या भिंतींचे मंद परावर्तन, गणपतीत रस्त्यावरचे मंडप. तेव्हा वेळेची निवड हाही जागेच्या निवडीचाच भाग मानावा लागतो.

प्रत्यक्ष नियोजन जुन्या नकाशावर होते. यंत्र ठेवता येईल अशा जागा खुणावून, प्रत्येक जागेवरून ठरलेल्या अंतरात आणि कोनात किती भिंत दिसते ते संगणकाने काढले जाते. मग सर्वाधिक भाग दाखवणारी जागा प्रथम घ्यायची, नंतर उरलेल्यापैकी सर्वाधिक दाखवणारी, असे पुढे जायचे. हे उत्तर अगदी कमीत कमी स्टेशनांचे असेलच असे नाही, कारण जागा वाढत गेल्या की नेमके उत्तर शोधणे संगणकालाही आवाक्याबाहेरचे होते, परंतु कामापुरते ते चांगले असते. अर्थात नकाशावर पिंप, सायकली आणि पोटमाळे नसतात, म्हणून आदल्या दिवशी पायी फेरी मारल्याशिवाय ही यादी पक्की करू नये.

अशा नोंदीचे मोल पॅरिसमध्ये दिसले. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने 2010 मध्ये नोत्र दाम चर्च पन्नासहून अधिक जागांवरून स्कॅन केले होते, आणि 15 एप्रिल 2019 च्या आगीनंतर ते मोजमाप पुनर्बांधणीच्या चर्चेत मोलाचे मानले गेले. बीडीडी चाळींना आग लागलेली नाही, त्यांचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. गिरगाव-दादरच्या ज्या गृहनिर्माण संस्था जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिचे स्कॅनिंग करून घेणार असतील त्यांनी केवळ रंगीत त्रिमित चित्रावर समाधान मानू नये. स्टेशनांचा नकाशा, जुळणीतल्या चुकीचे आकडे आणि न दिसलेल्या भागांची यादी कामाच्या करारातच लिहून घ्यावी, आणि ती यादी इमारत उभी असेपर्यंत तपासून घ्यावी.