अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट : मुंबईच्या पहिल्या बसची वाट

ज्या घरातून कोणीच कधी मुंबईस गेले नाही, असे घर आमच्या वाचकांत विरळाच सापडेल. कोणी नोकरीसाठी, कोणी बोटीवरील कामासाठी, तर कोणी इस्पितळातील आप्तास भेटण्यासाठी त्या शहरात उतरतो. आणि उतरल्यावर त्याची गाठ पडते ती तांबड्या बसगाडीशी. ही बस प्रथम कोणत्या वाटेने धावली, आणि ती गोरगरिबांची कधी झाली, याची हकीकत आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटपाशी थांबली. अंतर म्हणाल तर जेमतेम पाच किलोमीटर. परंतु या दोन टोकांमध्ये मुंबईचा केवढा तरी इतिहास सामावलेला आहे. अफगाण चर्च हे संत योहानाच्या नावाचे अँग्लिकन पंथाचे मंदिर. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि १८५८ साली त्याचे समर्पण झाले. दुसऱ्या टोकाचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालचे. त्याला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले आहे. एका टोकास प्रार्थनेचे स्थान व दुसऱ्या टोकास भाजीपाल्याचा बाजार, अशी ही वाट होती.

ही वाट मुळात समुद्रातून काढावी लागली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. कुलाबा हे पूर्वी स्वतंत्र बेट होते. ओहोटीची वेळ पाहून किंवा होडीत बसूनच पलीकडे जावे लागे. १८३८ साली कुलाब्याचा कॉजवे पुरा झाला, तेव्हा कोठे बेट शहरास जोडले गेले. पुढे ९ मे १८७४ रोजी याच बाजूने घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जात असे. प्रारंभी तिचे भाडे तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आणण्यात आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोड्यांची सुटका झाली. तेव्हा १९२६ सालची बस नव्या वाटेने गेली नाही. लोकांच्या पायाखालची जुनीच वाट तिने धरली.

लोकांनी बसचे स्वागत मोठ्या उत्साहाने केले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे सहा लाख उतारूंनी तिचा लाभ घेतला, व पुढील साली हा आकडा सुमारे अडतीस लाखांवर गेला. तरीही बस सर्वांची झाली होती काय? नाही. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामने जावयास दीड आणा पुरत असे. तेवढ्याच प्रवासास बसला चार आणे पडत. दोहोंत अडीच आण्यांचे अंतर! ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला हे अंतर समुद्राएवढेच रुंद. म्हणून कित्येक वर्षे बस ही सुखवस्तू लोकांची समजली जाई, आणि गरिबांची गाडी म्हणजे ट्राम.

हळूहळू चित्र पालटले. १९३७ साली डबलडेकर बस आल्या. १९४० साली कुलाबा ते माहीम अशी मोजक्याच थांब्यांवर थांबणारी ‘लिमिटेड’ बस सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यास आठच दिवस उरले असता, महानगरपालिकेने खाजगी कंपनीकडून सारा कारभार आपल्या हाती घेतला. त्या वेळी बसचे तेवीस मार्ग होते व गाड्या २४२. इकडे मोटारींची गर्दी वाढत चालली, आणि रूळ सोडून बाजूस न होऊ शकणारी ट्राम रस्त्यात अडचण वाटू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतर गरिबाचा भार बसनेच उचलला.

आजही कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटकडे बसने गेल्यास तीच ओळ डोळ्यांखालून जाते. ससून डॉकची मासळी, कॉजवेवरील दुकाने, पुढे फ्लोरा फाउंटन व त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचलेल्यांचे हुतात्मा स्मारक, नंतर बोरीबंदरचे भव्य स्टेशन. सीमाभागातील वाचकांना त्या स्मारकापाशी क्षणभर थांबल्यावाचून राहवणार नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून धोबी तलाव जवळच. तेथील गावोगावच्या कुडांत आमच्या गोमंतकीय खलाशांच्या कित्येक पिढ्यांनी आसरा घेतला.

नवख्या माणसाची सोय त्या गाड्यांनी नेहमीच पाहिली. समोरच्या पाटीवरील आकडे मराठीत. कंडक्टरने दोरी ओढून एक घंटा दिली की थांबावयाचे, दोन दिल्या की निघावयाचे, हे लहान मुलासही कळे. कुलाब्याच्या टोकास बसचा एक थांबा ‘आर. सी. चर्च’ नावाने ओळखला जातो. ही अक्षरे रोमन कॅथॉलिक चर्चची होत. त्या मंदिराची पायरी कधीही न चढलेले हजारो लोक त्याचे नाव घेऊन तिकीट मागत आले आहेत, ही आम्हांस मोठी गोड गोष्ट वाटते.

अलीकडे पुन्हा बदल झाला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर आली, व १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरील जुन्या डबलडेकरने निरोप घेतला. एके काळी ट्राम ओढणारी वीज अशी डबलडेकरही ओढू लागली. किमान भाडे २०१९ साली पाच रुपये करण्यात आले होते. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. संस्थेस तोटा होतो, तेव्हा भाडे वाढविणे भाग पडते, हे आम्ही जाणतो. पण दिवसातून चार वेळा बस बदलणाऱ्या मोलकरणीचा हिशेबही कोणी तरी मांडावयास हवा. पाच रुपयांची वाढ तिला दिवसाकाठी वीस रुपयांस पडते.

घोडे गेले, ट्राम गेली, कंपनी गेली. पण वाट राहिली. १५ जुलै २०२६ हा त्या पहिल्या बसच्या शताब्दीचा दिवस. त्या निमित्ताने भाषणे होतील, जुन्या गाड्यांची चित्रे छापली जातील. आमच्या मते त्या दिवशी एकच प्रश्न विचारावा : सर्वांत कमी पैसे ज्याच्या गाठीस आहेत, त्याला या गाडीत चढता येते काय? १९२६ साली या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. पुढे ते ‘होय’ झाले, हेच या मार्गाचे खरे वैभव. ते उत्तर पुन्हा फिरू नये, एवढीच आमची इच्छा आहे.