मूर्ख दिसण्यातली हुशारी

पत्र साधारण असं असतं. एका दिवंगत मंत्र्याची विधवा आहे, बँकेत अडकलेले काही कोटी डॉलर आहेत आणि ते देशाबाहेर काढायला एक विश्वासू माणूस हवा आहे. तो माणूस म्हणजे तुम्ही! वाटा तीस टक्के. फक्त त्याआधी वकिलाच्या फीचे थोडे पैसे पाठवा. व्याकरणाची पार दैना आणि मुक्काम पोस्ट नायजेरिया. आपण हसतो आणि मेल पुसून टाकतो. असल्या पत्राला फसतं तरी कोण?

पण जरा थांबा. या पत्रावर इतके विनोद झाले, तरी लिहिणाऱ्याने ते सुधारलं का नाही? ‘नायजेरिया’ खोडून ‘स्वित्झर्लंड’ लिहायला कितीसे कष्ट पडतात?

2012 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी हाच प्रश्न थेट शोधनिबंधाच्या शीर्षकात विचारला: नायजेरियन ठग आपण नायजेरियाचे आहोत असं सांगतात तरी का? गणित मांडून त्यांनी काढलेलं उत्तर ऐकून टाळी द्यावीशी वाटते.

फ्लॅट दाखवणारा एजंट आठवा. जाहिरात द्यायला त्याला फारसं काही पडत नाही. त्याचा जीव जातो तो रविवारी सहकुटुंब येऊन, गॅलरीतून वारा खाऊन, ‘कळवतो हं’ म्हणत निघून जाणाऱ्यांपायी. ठगाचं दुखणं तेच. लाख मेल पाठवणं जवळपास फुकट. खरी मेहनत उत्तर आल्यावर. आठवडेच्या आठवडे गोड बोला, खोटे शिक्के बनवा, फोन करा. समजा हजार जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले नऊशे नव्वद ऐन पैसे भरताना सावध झाले, तर धंदा बसलाच की!

म्हणून त्याला हवी असते चाळणी. ‘नायजेरिया’ हा शब्दच ती चाळणी. ज्याने या फसवणुकीबद्दल कधी काही ऐकलंय, तो पहिल्याच परिच्छेदात गळतो. एवढं वाचूनही जो उत्तर देतो, तोच ठगाच्या कामाचा. म्हणजे बघा, आपण हसून मेल पुसतो तेव्हा त्याचं निवडायचं काम आपणच फुकटात करून देतो!

बरं, ही कल्पना मुळात नायजेरियाची तरी आहे का?

चला पॅरिसला. विदोक नावाचा एक अट्टल कैदी पुढे चक्क तिथल्या गुप्तहेर पोलिसांचा प्रमुख झाला. 1828 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो बिसेत्रच्या तुरुंगातून सुटणाऱ्या पत्रांबद्दल सांगतो. मजकूर काय? फ्रेंच राज्यक्रांतीत मालक परागंदा झाला, मी त्याचा इमानी नोकर, सोन्या-हिऱ्यांची पेटी खोल पाण्यात टाकावी लागली. ती काढायला थोडी मदत हवी. विदोक म्हणतो, अशा शंभर पत्रांतल्या वीसांना उत्तर यायचं! पुढे याच गोष्टीने ‘स्पॅनिश कैद्या’चं, म्हणजे पैसे पाठवून सोडवायच्या श्रीमंत कैद्याचं, सोंग घेतलं. 1898 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी दिली, तीही ‘जुनीच लबाडी पुन्हा अवतरली’ अशा सुरात.

मग नायजेरियाचं नाव कसं चिकटलं? 1980 च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि शिकलेली, इंग्रजी जाणणारी पोरं बेकार झाली. त्याच देशात लष्करशहा तेलाचा पैसा खरोखरच लुटत होते. 1998 मध्ये मेलेल्या सानी अबाचाने दडवलेले कोट्यवधी डॉलर स्वित्झर्लंडने पुढे परत केले. म्हणजे पत्रातली थाप खोटी, पण तिला अस्तर अस्सल बातमीचं! नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात अशा फसवणुकीचं कलम आहे 419, म्हणून तिकडे या धंद्याचं नावच ‘फोर-वन-नाइन’. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेतलं चारशेवीस, त्यांच्याकडे चारशे एकोणीस. दोन्ही आकडे इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांतले.

आणि फसतात ते भोळेच, असंही नाही. 1995 ते 1998 या काळात इमॅन्युएल न्वुदे आणि त्याच्या साथीदारांनी ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याला अबुजातला न बांधलेला विमानतळ ‘विकला’. न्वुदे बनला होता नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर. रक्कम 24 कोटी 20 लाख डॉलर, विमानतळ शून्य! ज्याचा जन्म पैशाच्या व्यवहारात गेला, त्यालाही सौद्यातल्या दलालीचा मोह आवरला नाही.

वीस कोटींहून अधिक लोकांच्या देशावर मात्र शिक्का बसला तो बसलाच. तिथला प्रामाणिक व्यापारी मेल पाठवतो, तेव्हा तोही त्याच चाळणीत अडकतो. आपण यावर हसण्याआधी 2016 चा ऑक्टोबर आठवावा. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण पोरं अमेरिकेचे कर अधिकारी बनून अमेरिकनांना फोनवर धमकावत होती. धंद्याची रीत निराळी, पण शिक्का कसा बसतो ते कळलं. आज फोनवर भारतीय वळणाचं इंग्रजी ऐकलं की तिकडचे कित्येकजण आधी संशयच घेतात.

आपल्याला येणाऱ्या निरोपात मंत्र्याची विधवा नसते. ‘तुमचं कर्ज मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी भरा.’ ‘नोकरी पक्की, ट्रेनिंगचे पैसे तेवढे जमा करा.’ नायजेरियाच्या मेलला हसणारा माणूस इथे गंभीर होऊन खिशात हात घालतो, कारण या चाळणीची भोकं त्याच्या मापाची पाडलेली असतात. बिसेत्रच्या कैद्याची पेटी दोनशे वर्षं पाण्याच्या तळाशी आहे आणि ती काढायला अजूनही थोडेच पैसे कमी पडताहेत.