घनकचरा वर्गीकरणाचे शासकीय नियम आणि महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

कचरा उचलून गावाबाहेर नेऊन टाकणे म्हणजेच त्याची विल्हेवाट, अशी धारणा आपल्याकडे प्रदीर्घ काळ रूढ होती. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. अशा आगींचे मूळ बहुधा ओल्या कचऱ्यात असते. ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही, सेंद्रिय पदार्थ प्राणवायूवाचून कुजतात आणि मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. त्याच ढिगात कागद, कापड, प्लास्टिक असल्याने आगीला इंधनाची वाण पडत नाही. हे घटक प्रारंभीच वेगळे ठेवले, तर ओल्याचे खत होते आणि सुक्यातील बराचसा भाग पुन्हा वापरात येतो. वर्गीकरणाच्या नियमांमागील शास्त्र मुळात एवढेच आहे.

नियमांची वाटचाल

अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून या विषयाला कायदेशीर अधिष्ठान लाभले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २००० साली नगरपालिका घनकचऱ्याचे नियम झाले. त्यांत मुख्य भार नगरपालिकांवर होता आणि वर्गीकरणासाठी त्यांनी नागरिकांचे प्रबोधन करावे, अशी अपेक्षा होती. प्रक्रिया-केंद्रे उभारण्यास डिसेंबर २००३ अखेरची मुदत होती. ती बहुसंख्य शहरांनी पाळली नाही.

८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी दृष्टिकोन बदलला. कचरा निर्माण करणाऱ्यानेच त्याचे ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग करून ते वेगवेगळे सुपूर्द करावेत, असे बंधन आले. ५,००० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राच्या संस्थांना त्यासाठी एक वर्षाची मुदत मिळाली. कचरावेचकांची व्याख्या नियमांत आली, हेही महत्त्वाचे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हाच आग्रह धरत होती. मिश्र कचऱ्यातून काच अथवा वापरलेले सॅनिटरी पॅड उचलावे लागते ते याच हातांना; वर्गीकरणाकडे केवळ शहर-सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

१ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रवाह आहेत. रंगाचे डबे, बल्ब, पारायुक्त तापमापी, औषधे ही चौथ्या प्रवाहातील उदाहरणे होत. २०,००० चौरस मीटर चटईक्षेत्र, दररोज ४०,००० लिटर पाणीवापर किंवा १०० किलोग्रॅम कचरा यांपैकी एक निकष पूर्ण करणारी संस्था 'मोठी कचरानिर्माती' ठरते. तिने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, अशी अपेक्षा आहे.

महाविद्यालयीन आवार

वसतिगृह व उपाहारगृह असलेली अनेक महाविद्यालये या निकषांच्या कक्षेत येऊ शकतात. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी रंगीत डब्यांची छायाचित्रे घेतली जातात; त्या डब्यांतील कचरा सायंकाळी एकाच गाडीत रिता होतो की नाही, हे मात्र अहवालात येत नाही. वास्तविक वर्गीकरणाची कसोटी डब्यापाशी नसून त्या गाडीपाशी आहे. गाडीत कप्पे नसतील, तर विद्यार्थ्यांनी केलेले श्रम क्षणात वाया जातात आणि पुढील वेळी ते करण्याची त्यांची इच्छाही उरत नाही. हा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

प्रयोगशाळांबाबत एक गैरसमज आढळतो. तेथील टाकाऊ घातक रसायने 'विशेष काळजीच्या' डब्यात टाकण्याची नाहीत. त्यांना घातक कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू होतात. निकामी संगणकांसाठी २०२२ चे ई-कचरा नियम आहेत. त्यामुळे संगणक भंगारवाल्यास विकून त्याची पावती फाइलला लावली, तरी नियमपालन झाले असे होत नाही. तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचणे अपेक्षित असते.