रक्तदाबाची रोजकीर्द

जो तोटा वहीत चढतो, तो कष्टाने का होईना, भरून काढता येतो. जो चढतच नाही, तो पेढी बुडवितो. उच्च रक्तदाब हा असा वहीत न चढणारा तोटा होय. बहुतेकांना त्याची काहीच जाणीव होत नाही आणि तेवढ्या अवधीत हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व नेत्र यांची हानी चालू राहते.

माझ्या थोरल्या बंधूंचेच उदाहरण सांगतो. डॉक्टरांच्या गोळीने त्यांचा दाब दोन महिन्यांत उतरला. “आता बरे वाटते, मग औषध कशाला?” असे म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. दाब उतरला तो गोळीमुळेच, हे घरात कोणाच्याच ध्यानी आले नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ज्या उजव्या हाताने चाळीस वर्षे कीर्द लिहिली, त्या हाताला वहीपूजनाच्या दिवशी ‘श्री’देखील काढता आली नाही.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती की, प्रथम मोजणी करावी. त्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करून, पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून ती घ्यावी. निरनिराळ्या दिवशी आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते आणि जनऔषधी केंद्रांत नित्याच्या गोळ्या अल्प किमतीत मिळतात. तेव्हा खर्चाची सबब उरत नाही.

कित्येकांचा ओढा मुळ्यांकडे असतो. आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला व जगाचे लक्ष तिकडे वेधले, हे आपणांस भूषणावह आहे. परंतु तिच्यातील द्रव्याने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते, असेही पुढे दिसून आले. आज अधिक सोसणारी औषधे उपलब्ध असता ऐकीव माहितीवर मुळी उगाळणे हितावह नव्हे.

आपल्या आचाराचा व उपचाराचा मुळीच विरोध नाही. सूर्यास्तानंतर काही न घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; बहुतेक गोळ्यांची वेळ दिवसा बसविता येते. पर्युषणात उपवास करावयाचे असल्यास आठवडाभर आधी सल्ला घ्यावा, कारण लघवी वाढविणारी गोळी निर्जल उपवासात अपायकारक ठरू शकते. रसपरित्यागात मिठाचा त्याग पूर्वापार सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला ५ ग्रॅमहून, म्हणजे सपाट चमचाभराहून, कमी मीठ खावे असेच सांगते. पापड, लोणचे व फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे.

बंधू आता डाव्या हाताने लिहावयास शिकले आहेत. दुकानाच्या कीर्दीशेजारी त्यांची एक लहान वही असते. तीत तारीख, दाबाचे दोन आकडे आणि ‘गोळी घेतली’ एवढीच नोंद असते. आमच्या घरी ती वही उशिरा उघडली गेली. आपल्या घरी ती या पाडव्यालाच उघडली जावी.